जुना संगणक भंगारात काढण्याआधी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यावर आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. ज्यांचे संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत त्यांनी काय करावं, हे लेखकांनी नीट सांगितलंय. फक्त शेवटच्या परिच्छेदात त्यांनी जाता जाता एक शेरा मारलाय, की एक्सपी किंवा त्याहून जुनी यंत्रं अजून कुणाकडे असतील तर ती बिनदिक्कत भंगारात घालावीत, ती ठेवणं ही निव्वळ हौस आहे. मला त्या शेऱ्यापुरतं बोलायचंय. पत्र लांबणार आहे. कापायचंच असेल तर माझी ओळख कापा, मधली कृती कापू नका. ती कुणाच्या तरी कामाला येईल.

मी सांगलीत गावभागात डीटीपीचं काम करते. लग्नपत्रिका, बिलबुकं, हँडबिलं, आणि वर्षाचं मुख्य पीक म्हणजे पतसंस्था-सोसायट्यांचे वार्षिक अहवाल. सहकारी संस्थांना वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, त्यामुळे सगळ्यांचे अहवाल एकदमच ऑगस्टमध्ये येऊन पडतात. हे काम मी ज्या यंत्रावर करते ते पेंटियम ४ आहे. मदरबोर्डावर इंटेलची ८६५जी चिप, वर विंडोज एक्सपी, त्यात पानं मांडायचं पेजमेकर ७ आणि मराठी फॉन्टांचं श्री-लिपी. श्री-लिपीचं लॉक, म्हणजे जी जोडल्याशिवाय ते चालत नाही ती छोटी डबी, मागच्या पंचवीस पिनांच्या प्रिंटर पोर्टात. आजकालच्या संगणकाला हे पोर्टच नसतं.

नवा संगणकही आहे माझ्याकडे, युनिकोडची, म्हणजे नव्या पद्धतीच्या फॉन्टांची, कामं त्यावर होतात. पण अहवालाचं काम म्हणजे गेल्या वर्षीची फाइल उघडायची, ताळेबंदातल्या चालू सालाच्या रकान्यातले आकडे मागील सालात सरकवायचे, नवे भरायचे, अध्यक्षांचा फोटो बदलला असेल तर बदलायचा. ती फाइल जुन्या फॉन्टात आहे. नव्या यंत्रावर उघडली तर ‘ठेवी’ आणि ‘तरतुदी’च्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची रांग लागते. चाळीस पानांचा ताळेबंद पुन्हा टाइप करायचा म्हणजे चाळीस पानांत चुकायची संधी, आणि एक शून्य इकडचं तिकडे झालं की सभेत माझ्या नावानं खडे. त्यातून बिल निघतं किती, ते ह्या धंद्यातल्यांना विचारा. तर ही माझी हौस.

ऑगस्टातच त्या यंत्राची हार्ड डिस्क गेली. डाटा दुसरीकडे होता, त्याची चिंता नव्हती. जुन्या बाजारातून तसलीच आयडीई डिस्क आणली, एक्सपीच्या सीडीवरून विंडोज टाकलं. विंडोज सुरळीत चढलं आणि पडदा थोराड झाला. आयकॉन एवढे मोठे, की डेस्कटॉपवर चार रांगांत जागा संपली. ६४० बाय ४८०, रंग सोळा. फोटो उघडला तर चेहऱ्यावर डाग पडल्यासारखे पट्टे. पेजमेकरमध्ये पानाचा एक कोपरा दिसतोय आणि बाकी जागा टूलबारच्या पट्ट्यांनी खाल्लेली. डायलॉग बॉक्स उघडला की ‘ओके’चं बटण पडद्याच्या खाली कुठेतरी. (तिथे एंटर दाबलं तरी चालतं, पण हे माहीत नसलेला माणूस हतबल होऊन बसतो.) खिडकी माउसनं सरकवली तर ती मागे आपल्या सावल्या सोडत, अडखळत जाते.

बाजारातल्या एका दुकानात यंत्र नेलं. तिथल्या पोरानं चालू केलं, सेटिंगमध्ये गेला, पुढचं काही मिळेना, तेव्हा म्हणाला, “बोर्डावरचं व्हीजीए गेलंय काकू. बोर्डच बदलायला लागंल, पण ह्याचा बोर्ड आता मिळत न्हाई. सोडून द्या.” वर जुन्याचे भंगारभावानं पैसे द्यायची तयारी. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण दुसऱ्या दुकानातही ह्याहून वेगळं ऐकलं नसतं.

आता ह्यात चूक काय ते सांगते. व्हीजीए गेलं असतं तर पडद्यावर काही दिसलंच नसतं, किंवा विंडोज यायच्या आधीपासूनच रेघा, चौकटी, भलते रंग दिसले असते. इथे तर चित्र स्वच्छ आहे, फक्त मोठं आहे. ही खूण दुखण्याची नव्हे, अनोळखीपणाची. व्हीजीए ही पडद्यावर चित्र दाखवायची पद्धत आयबीएमनं १९८७ मध्ये आणली आणि ती इतकी सर्वत्र झाली, की पुढच्या प्रत्येक चिपनं आपलं स्वतःचं काहीही असो, हे जुनं रूप सांभाळून ठेवलं. विंडोजला समोरची चिप ओळखू आली नाही की ते ह्या सामाईक रूपावर येऊन थांबतं. चिपकडून पूर्ण काम करून घ्यायचं तर त्या चिपचा ड्रायव्हर लागतो, म्हणजे ती चिप कशी चालवायची हे विंडोजला सांगणारं छोटं सॉफ्टवेअर. तो विंडोजच्या सीडीत असेल तर ठीक, नसेल तर मदरबोर्डाबरोबर आलेल्या सीडीत. एक्सपी आलं ऑक्टोबर २००१ मध्ये. ८६५जी चिप आली मे २००३ मध्ये. माझी एक्सपीची सीडी पहिल्या खेपेची, तिला दीड वर्षानंतर जन्मलेल्या चिपची ओळख असणार कुठून? आणि बोर्डाची सीडी २०१९ च्या महापुरात गेली. यंत्रं आम्ही वरच्या मजल्यावर हलवली होती, ती वाचली. खालच्या कपाटातलं सगळं पाण्यात.

भाच्यानं फोनवर ऐकलं आणि म्हणाला, “मावशी, नवीन विंडोज टाक ना, त्यात सगळे ड्रायव्हर असतात.” हा सल्ला मला बऱ्याच शिकल्यासवरल्यांनी दिला, म्हणून खुलासा करते. व्हिस्टापासून, म्हणजे २००७ पासून, विंडोजनं डिस्प्ले ड्रायव्हरची रचनाच बदलली. ८६५जीसाठी त्या नव्या रचनेचा ड्रायव्हर कधी निघालाच नाही. म्हणजे वरचं विंडोज टाकून ही चिप पूर्ण खुलेल ह्याचा भरवसा नाही. ह्या यंत्राचं आणि एक्सपीचं लग्न लागलेलं आहे, ते निभवायलाच हवं.

आता कृती. ज्यांच्याकडे असं यंत्र आहे त्यांनी हे कात्रण ठेवावं.

माय कॉम्प्युटरवर उजवी टिचकी, प्रॉपर्टीज, हार्डवेअर, डिव्हाइस मॅनेजर. तिथे ‘अदर डिव्हायसेस’खाली पिवळं प्रश्नचिन्ह आणि ‘व्हिडिओ कंट्रोलर’ असं दिसेल. त्यावर दोनदा टिचकी मारून ‘डिटेल्स’मध्ये गेलं की एक लांबलचक ओळ येते. ती ओळ बघून घाबरायचं नाही, तिच्यातले दोनच आकडे आपल्या कामाचे. ‘व्हेन’च्या (VEN) पुढचे चार म्हणजे चिप करणारी कंपनी, ‘डेव्ह’च्या (DEV) पुढचे चार म्हणजे चिप कोणती. ८०८६ म्हणजे इंटेल, १०डीई म्हणजे एनव्हिडिया, १००२ म्हणजे एटीआय, १०३९ म्हणजे सिस, ११०६ म्हणजे व्हिया. माझ्या ओळीत होतं ८०८६ आणि २५७२. २५७२ म्हणजे ८६५जी. २५६२ असतं तर तिच्या आधीची ८४५जी. हे आकडे कागदावर उतरवून घ्या आणि मगच ड्रायव्हर शोधायला लागा. संगणकाच्या खोक्यावर काय लिहिलंय, स्टिकर कोणता आहे, दुकानदाराच्या बिलात काय आहे, ह्यावर विसंबू नका. असेम्बल केलेल्या यंत्रात खोकं एकाचं, बोर्ड दुसऱ्याचा आणि चिप तिसऱ्याची असते.

ड्रायव्हर शोधताना खरा वैताग. एक्सपीतल्या जुन्या इंटरनेट एक्सप्लोररवरून आजची संकेतस्थळं उघडतच नाहीत, सुरक्षित जोडणीची आताची पद्धत त्याला कळत नाही. आणि खरं तर त्या यंत्राला इंटरनेट जोडूच नये. एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपलाय, तेव्हापासून त्याची दारं उघडी आहेत. म्हणजे शोधायचं दुसऱ्या संगणकावर आणि आणायचं पेनड्राइव्हवर. इथेही एक खोच आहे. आजचे मोठे पेनड्राइव्ह बरेचदा एक्सफॅट पद्धतीनं फॉरमॅट केलेले येतात, ती एक्सपीला मुळात वाचता येत नाही. मग एक्सपी म्हणतं, डिस्क फॉरमॅट केलेली नाही, करू का? ‘येस’ म्हणालात तर आतलं सगळं गेलं. लहानसा पेनड्राइव्ह घ्या आणि नव्या संगणकावर तो फॅट३२ मध्ये फॉरमॅट करून मगच वापरा.

बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर माझ्या मॉडेलचं पान आहे. बोर्डाचा फोटो आहे, किती रॅम चालते ते आहे, डाउनलोडचं बटणही आहे. दाबलं की पान सापडत नाही. त्यांना पत्र पाठवलं, उत्तर आलं की हे उत्पादन बंद झालंय, नवीन उत्पादनांची यादी सोबत. बाहेर शोधायला जावं तर पहिली दहा-बारा स्थळं म्हणजे नुसती हिरवी बटणं. ‘तुमचे सर्व ड्रायव्हर एका क्लिकमध्ये’ म्हणणारं सॉफ्टवेअर टाकलं की ते यंत्र तपासल्याचं नाटक करतं, पस्तीस दोष दाखवतं आणि पैसे मागतं. फुकटातलं असेल तर ब्राउझरमध्ये नको ते येऊन बसतं. आपल्या लेखकांनी ह्यांच्यापासून सावध केलं असतं तर जास्त लोकांचं भलं झालं असतं.

मला सीडी मिळाली मिरजेत. तिथे एक जुने हार्डवेअरवाले आहेत, आता धंदा मुलाकडे, तो सीसीटीव्ही बसवतो. पण वडिलांनी सीड्या टाकल्या नाहीत. कपाटाच्या तळाला बुटांच्या खोक्यांतून उभ्या लावलेल्या, प्रत्येकीवर मार्करनं चिपचा नंबर. बोर्डाचं नाव लिहिलेलं नाही, चिपचा नंबर. धंदा कळलेला माणूस. म्हणाले, “ताई, पंचवीसशे बहात्तर ना? मग ही घ्या, आणि ही चिपसेटची पण घ्या, आधी ती टाका.”

‘आधी ती टाका’ हे फार महत्त्वाचं आहे आणि बहुतेक जण तिथेच फसतात. प्रश्नचिन्ह व्हिडिओचं दिसतंय म्हणून लोक थेट व्हिडिओचा ड्रायव्हर टाकतात. पण बोर्डावरचे मुख्य रस्ते, म्हणजे पीसीआय, एजीपी, यूएसबी, हे विंडोजला आधी नीट ओळखता आले पाहिजेत. ते काम चिपसेटचं सॉफ्टवेअर करतं. इंटेलच्या बोर्डांना ते वेगळं येतं, व्हियाच्या बोर्डांना ‘फोर इन वन’ नावानं यायचं. ते टाकून, यंत्र एकदा बंद-चालू करून, मग डिस्प्ले आणि सगळ्यात शेवटी आवाज. उलट क्रमानं केलं तर कधी चालतं, कधी विंडोज उघडताना निळा पडदा येतो, आणि मग पुन्हा ‘बोर्ड गेलाय काकू’.

एवढं करूनही माझं सेटअप अडलं. हा संगणक किमान अटी पूर्ण करत नाही, असा इंग्रजीत संदेश आणि एकच बटण, ‘ओके’. अशा वेळी सीडी चुकीची समजून टाकून देऊ नये. सेटअप ही वरची दिखाऊ पायरी आहे. ड्रायव्हरची खरी कुंडली त्याच फोल्डरमधल्या ‘आयएनएफ’ शेपटीच्या फायलीत असते आणि ती साधी मजकुराची फाइल आहे, नोटपॅडमध्ये उघडते. उघडली, कंट्रोल-एफ केलं, २५७२ शोधलं. ओळ सापडली: तोच व्हेन, तोच डेव्ह, पुढे चिपचं नाव. म्हणजे ड्रायव्हर ह्याच चिपचा आहे, सेटअपला काय खुपतंय ते त्याचं तो जाणे. (नंतर लक्षात आलं, सर्व्हिस पॅक, म्हणजे मायक्रोसॉफ्टनं नंतर काढलेला दुरुस्त्यांचा गठ्ठा, टाकलेला नव्हता. तो टाकल्यावर सेटअपही मुकाट्यानं चाललं असतं.) मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये परत जाऊन ‘अपडेट ड्रायव्हर’. विझार्ड म्हणेल, मी आपोआप शोधू का? नको म्हणायचं. ‘मी स्वतः निवडते’वर जायचं, ‘हॅव डिस्क’ दाबायचं आणि त्या आयएनएफ फायलीकडे बोट दाखवायचं. मध्ये एक धमकीवजा चौकट येते, की हा ड्रायव्हर विंडोजच्या चाचणीत उतरलेला नाही. नंबर जुळलेला असेल आणि सीडी खात्रीच्या माणसाची असेल तर ‘कंटिन्यू एनीवे’. नंबर जुळलेला नसेल तर मात्र तिथून मुकाट मागे फिरावं.

पडदा एक-दोनदा काळा झाला, आणि आयकॉन लहान झाले. सतरा इंची मॉनिटरला १२८० बाय १०२४ मिळालं, रंग ३२ बिट. पेजमेकरमध्ये दोन पानं शेजारी-शेजारी, ताळेबंदाच्या दोन्ही बाजू एकदम नजरेत. अहवाल वेळेत गेले.

एक सूचना राहिली. नंतर सेटिंग बदलताना मॉनिटरला न झेपणारा आकडा निवडला तर पडदा काळा होतो आणि मधोमध ‘आउट ऑफ रेंज’ तरंगत राहतं. पंधरा सेकंद काही दाबू नका, विंडोज स्वतःहून जुन्यावर येतं. नाहीच आलं तर यंत्र पुन्हा चालू करताना एफ८ दाबत राहा आणि यादीतून ‘एनेबल व्हीजीए मोड’ निवडा. त्यासाठी विंडोज पुन्हा टाकायची गरज नसते. तरी त्याचे पैसे घेणारे लोक मी पाहिलेत.

आता मूळ मुद्दा. ह्या सगळ्यात यंत्राचा कुठला भाग बाद होता? हार्ड डिस्क, जी जुन्या बाजारात मिळाली. बाकी बोर्ड, चिप, रॅम, वीजपुरवठा, सगळं ठणठणीत. भंगारात जायची पाळी आली ती एका छोट्याशा सॉफ्टवेअरमुळे, जे कंपनीनं एकदा लिहून पूर्ण केलेलं आहे, ज्यात आता कुणाला एक ओळ नवी लिहायची नाही, आणि जे आजच्या एका लग्नाच्या फोटोंपेक्षा कमी जागा खातं. ते संकेतस्थळावर राहू द्यायला कितीसा खर्च येतो? ट्रॅक्टरचा चालता गिअरबॉक्स केवळ त्याचं मॅन्युअल हरवलं म्हणून वितळवायला कुणी नेत नाही.

कुणी म्हणेल जुनं सॉफ्टवेअर असुरक्षित असतं, म्हणून काढतात. काही बाबतींत हे खरंही आहे. मायक्रोसॉफ्टनं ऑगस्ट २०२० मध्ये आपल्या डाउनलोड सेंटरवरून जुन्या पद्धतीच्या डिजिटल सहीच्या फायली काढल्या, कारण त्या सहीवर आता भरवसा ठेवता येत नाही. ते कारण मला पटतं. पण इंटरनेटला न जोडलेल्या यंत्रावरच्या डिस्प्ले ड्रायव्हरनं कुणाचं काय बिघडणार? आणि अधिकृत जागी मिळत नाही म्हटल्यावर लोक त्या हिरव्या बटणांकडे जातात, हे सुरक्षेचं आहे का?

विंडोजऐवजी चालणारी लिनक्स ही मोफत प्रणाली करतात त्या लिनक्सवाल्यांचं बघा. त्यांच्या गाभ्यातच ह्या चिपचा ड्रायव्हर आहे. जुन्या ३२ बिटच्या लिनक्सची सीडी घालून माझं हेच यंत्र चालू केलं तर काहीही न टाकता पडदा पूर्ण उघडतो. दुकानदार बोर्ड गेला म्हणाला की आधी ही चाचणी करून बघावी, पाच मिनिटांत दूध का दूध होतं. माझी अडचण एवढीच, की त्यावर माझं पेजमेकर आणि लॉक चालत नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या इंटरनेट आर्काइव्ह ह्या ना-नफा संस्थेकडेही जुन्या मदरबोर्डांच्या अख्ख्या सीड्या लोकांनी आणून ठेवल्यात. म्हणजे जे काम कंपन्यांचं ते मिरजेतले आजोबा आणि परदेशातली एक संस्था करतेय.

आपल्या सरकारनं डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’चं पोर्टल सुरू केलं. त्यात शेतीची अवजारं, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं आणि वाहनं अशी चार क्षेत्रं आहेत. चांगली गोष्ट आहे. पण दुरुस्तीचा हक्क म्हणजे नुसता सुटा भाग आणि सर्व्हिस सेंटरचा पत्ता नव्हे. संगणकाच्या बाबतीत ड्रायव्हर हाच सुटा भाग आहे. दुसरे, ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्यांत उत्पादकाची जबाबदारी सांगितली आहे, आणि जुनी यंत्रं नीटनेटकी करून पुन्हा वापरात आणणाऱ्यांची नोंदणीही आहे. मी विचारते, हा नोंदणीकृत माणूस जुना संगणक उघडून, झाडून-पुसून, नवी डिस्क घालून तयार करणार आणि ड्रायव्हर कुठून आणणार? उत्पादन बंद करताना कंपनीनं शेवटचा ड्रायव्हर, बायोस (यंत्र चालू होताना आधी चालणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर) आणि मॅन्युअल कायमस्वरूपी एका सरकारी जागी जमा करावं, एवढी एक ओळ त्या नियमांत घाला. पुस्तक प्रकाशित करणाऱ्यानं राष्ट्रीय ग्रंथालयाला प्रत पाठवायची हा कायदा आपल्याकडे १९५४ पासून आहेच. पुस्तकाला जे जमतं ते ड्रायव्हरला का जमू नये?

आपल्या वृत्तपत्रालाही विनंती. दर आठवड्याला नवा मोबाइल कोणता घ्यावा हे छापता, त्याच पानावर पाव रकाना दुरुस्तीला द्या. जिल्हा परिषदेच्या शाळांतून, हायस्कुलांतून संगणक कक्षाला कुलूप असतं. ‘संगणक बंद आहेत’ म्हणतात त्यातले काही खरोखर बंद असतात, काहींचा फक्त पडदा थोराड झालेला असतो. मी एका हायस्कुलात हे डोळ्यांनी पाहिलंय. तंत्रनिकेतनाच्या दोन मुलांना चिपचे आकडे लिहायचा कागद देऊन पाठवलं तरी किती यंत्रं मार्गी लागतील.

जाता जाता एक मागणी, ही मात्र छापाच. पलूस तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयात सगळ्या पुस्तकांची नोंद विंडोज ९८ वरच्या एका जुन्या प्रोग्रॅममध्ये आहे. विंडोज पुन्हा टाकल्यावर तिथेही ६४० बाय ४८० झालंय, आणि त्या प्रोग्रॅमचं ‘सेव्ह’चं बटण पडद्याखाली गेलंय. ग्रंथपालबाई टॅब किती वेळा दाबला की ते न दिसणारं बटण येतं ते पाठ करून काम चालवतात. यंत्र चालू होताना बायोसची यादी पडद्यावर येते तेव्हा पॉज दाबून मी आकडे घेतलेत: व्हेन १०३९, डेव्ह ६३२५, म्हणजे सिस ६५० च्या कुळातली चिप. कुणाकडे तिची विंडोज ९८ च्या ड्रायव्हरची सीडी असेल तर आपल्या कार्यालयाकडे कळवावं, मी येऊन घेऊन जाईन आणि कॉपी करून मूळ सीडी परत करीन. पेनड्राइव्हवर देऊ नका, विंडोज ९८ ला पेनड्राइव्ह दिसायलाही आधी ड्रायव्हर लागतो. सीडीच हवी, आणि जमल्यास यूएसबीचा तोही ड्रायव्हर त्याच सीडीत.

आपली,
एक डीटीपी व्यावसायिक
गावभाग, सांगली